डाव्या मागच्या चाकाचा आवाज

गाडी दिसायच्या आधी मला तिचा आवाज आला. माझं गाड्या दुरुस्तीचं दुकान सुरतेच्या उधन्यात मेन रोड सोडून आतल्या गल्लीत आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी सोसायटीवाल्यांनी घातलेला एक उंच बंप आहे. त्या बंपवरून जी गाडी येते तिची निम्मी तपासणी मी बसल्या जागी करतो. बुश गेलाय की शॉकअप गळतोय, ते मला उठावंही न लागता कळतं. त्या दिवशी बंपवर जो आवाज झाला तो ऐकून माझा हात पान्यावरच थांबला. टायर पत्र्याला घासत होता, आणि थोडाथोडका नाही, चांगला करवतीसारखा. मी मनातल्या मनात त्या गाडीवाल्याला आईवरून एक सणसणीत शिवी दिली. मग गाडी वळून शटरसमोर आली आणि आतून माझा धाकटा भाऊ उतरला. शिवी माझ्याच घरावर येऊन पडली.

तीन वर्षांनी तो दुकानात पाऊल टाकत होता. तीन वर्षांपूर्वी मी त्याला याच शटरच्या आत मारलं होतं आणि तो निघून गेला होता. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचा बाप नंदुरबारकडून लूमवर कामाला सुरतेत आला. बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहून तो घरी यायचा तेव्हा त्याला कोणाचंच बोलणं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून आमच्या घरात हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. मोडक्या लूमचा एक लाकडी दांडा दाराआड उभा असायचा. त्या दांड्याने माझं डावं मनगट एकदा मोडलं आहे, ते अजून थंडीत दुखतं. मार खाऊन झाला की मारणाऱ्याच्या पाया पडायचं, ही आमच्या घरची रीत होती. बाप म्हणायचा, पाया पडलं की दोघांच्याही पोटात राग राहत नाही. मी रडत रडत पाया पडायचो, तो डोक्यावर हात ठेवायचा आणि जेवायला बसायचा. बाप गेला, दांडा बंबात गेला, रीत मात्र तशीच राहिली. फक्त मारणारा आता मी होतो.

भाऊ माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वीस वर्षांचा झाल्यावर त्याला मी दुकानात घेतलं. पोरगा हाताने हुशार होता, पण त्याचं ध्यान गाडीच्या आतल्यापेक्षा गाडीच्या दिसण्यावर जास्त. आमचं काम कानाचं. गाडी चालवायला एक, मागे कान लावून बसायला एक, आवाज कुठल्या चाकाचा, कुठल्या खड्ड्यात, वळताना की सरळ जाताना, हे ज्याला सांगता आलं त्याला हे काम आलं. तो चुकला की मी त्याच्या कानाखाली वाजवायचो. माझा उजवा हात, त्याची डावी बाजू, दर वेळी तीच. ज्या धंद्यात कान हेच हत्यार, तो धंदा मी कानाखाली मारून शिकवला. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होतो.

शेवटचा मार असा. एक गिऱ्हाईक बायकापोरांसह निघालं आणि वीस मिनिटांत चाक लटपटतंय म्हणून परत आलं. दोन बोल्ट नुसते हाताने फिरवून सोडले होते, पान्याने आवळलेच नव्हते. काम भावाचं होतं. गिऱ्हाइकाने मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं, कारण त्याचं खरं होतं. तो गेल्यावर मी भावाला बोलावलं आणि सगळी ताकद लावून एक ठेवून दिली. तो टायर खोलायच्या मशीनवर जाऊन आदळला. उठला, तळवा कानाला लावला, तळव्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या फडक्याने कान पुसला. मग माझ्याकडे आला, वाकून पाया पडला, पाना खिळ्याला टांगला आणि बाहेर गेला. मला वाटलं, रीत पाळली, विषय संपला. तो परत आलाच नाही. कडोदऱ्याला एका सुताच्या युनिटचा टेम्पो चालवायला लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला.

माय माझ्याकडे राहते. तिने मला एक शब्द विचारला नाही. दर महिन्याला डबा घेऊन बसने कडोदऱ्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची, बस. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने त्याला घरी जेवायला आणायचं ठरवलं, आणि आणायच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आते याले हात लावशी ना," ती म्हणाली, "ते मी यानासंगे निंघी जासू. मंग तुना घरनी पायरी मी चढाव नही."

माझी माय एक गोष्ट दोनदा सांगत नाही. लग्नाच्या वयाचा असताना मी एकदा तिच्या अंगावर ओरडलो होतो, तर ती आठ महिने माझ्याशी बोलली नव्हती, आणि रोज दोन वेळा गरम भाकरी मात्र वाढत होती. त्यामुळे या वेळी मी मान हलवली आणि नाही लावणार म्हणालो. मनापासून म्हणालो. राग येणारा प्रत्येक माणूस राग नसताना मनापासूनच बोलतो.

आखाजीचं जेवण नीट पार पडलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सगळं होतं. एकच गोष्ट मला खुपली. माय वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसते. त्या दिवशी ती ताट घेऊन उठली आणि भावाच्या पलीकडे, त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसली. मी आमरस ओरपत होतो पण माझा जीव जळला. तीन वर्षं तिला सांभाळतोय मी आणि माया उतू जातेय त्याच्यावर, असं वाटलं. चाळिशी गाठलेल्या माणसाने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मायला घेऊन गावी निघणार होता, चार-पाच दिवसांसाठी. ती मुद्दाम सकाळपासून दुकानात येऊन खुर्चीवर बसली होती. कशासाठी, ते मी ओळखलं. पहाऱ्यासाठी.

गाडी जुनी सेडान होती, त्याने वर्षापूर्वी घेतलेली. तिची दशा पाहून माझं डोकं तापायला सुरुवात झाली. पुढून मागून खाली बसवलेली, रुंद टायर, बाहेर आलेल्या अलॉय रिमा. कामरेजजवळ हायवेला कुठेतरी स्प्रिंग कापून घेतल्या होत्या. गाडी जमिनीला टेकली की माणसाची उंची वाढते असा या पोरांचा समज आहे. स्प्रिंगच्या दीड वेटोळ्यात काय बसलेलं असतं ते यांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण माझे पुढचे दोन दात त्यात गेले आहेत. दाबून धरलेली स्प्रिंग एकदा शिकंज्यातून निसटली आणि माझ्या तोंडावर आली. मी शुद्धीवर आलो तेव्हा छताच्या पत्र्याला पोचा पडलेला होता आणि स्प्रिंग समोरच्या गटारात होती.

"भाऊ, टायर घासतो वाटतं," तो म्हणाला. त्याने चाकाच्या वरच्या बाजूला बोट फिरवून काळी भुकटी दाखवली. "आवाज येतो का तुला?"

मला तो उद्धटपणा वाटला. अख्ख्या गल्लीने मान वळवून पाहिलं आणि हा मला विचारतो आवाज येतो का. माझ्या हाताला तेव्हाच कंड सुटली. मायने खुर्ची जरा पुढे ओढली. मी हात खिशात घातले आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

काम पद्धतशीर केलं. राग आला तरी कामाची पद्धत मी सोडत नाही. आधी पुढची चाकं. स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवलं तर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागत होता. प्लास्टिकच्या खिट्ट्या तुटून ते पुढे लोंबलं होतं. गरम हवेने मऊ करून मागे बसवलं, नव्या खिट्ट्या मारल्या. दोन्ही बाजू मिळून पाऊण तास. पण बंपवर ऐकलेला आवाज हा नव्हता. तो मागून आला होता आणि तो प्लास्टिकचा नव्हता.

मागे टायर आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. उजवीकडे दोन बोटं जागा, डावीकडे एकच. म्हणजे कापणाऱ्याने डावी स्प्रिंग अर्ध्या वेटोळ्याने जास्त कापली होती. वाकून आत बघितलं तर माझं रक्त उसळलं. गाडी दबली की चाकाला वर जाण्यापासून अडवणारा रबराचा गुटका असतो, तोही अर्धा कापून टाकलेला. गाडी अजून खाली बसावी म्हणून. आता खड्ड्यात चाकाला थांबवायला मडगार्डच्या पत्र्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

"हे कोणी कापलं?" मी विचारलं. तो टायरकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, या वेळी इतक्या जोरात की समोरच्या युनिटमधला माणूस बाहेर आला. तेव्हा त्याने मान वर केली आणि म्हणाला, "काय?"

मी हातातली टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, फेकली. त्याच्यावर नाही, भिंतीवर. भिंतीचा पोपडा पडला आणि टॉमी उड्या मारत मायच्या पायाजवळ जाऊन थांबली. ती हलली नाही. तिने ती उचलून मांडीवर आडवी ठेवली आणि बसून राहिली.

रिकामी गाडी कधी खरं बोलत नाही. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं, पाच माणसं बसली की दोष बाहेर येतो. आणि आमची माणसं गावी जातात ती कधी रिकामी जात नाहीत. म्हणून आमच्या गल्लीत वजन बसवायची पद्धत आहे. शेजारच्या लूम कारखान्यातून दोन-तीन कारागिरांना चहाच्या सुट्टीत हाक मारायची, गाडीत बसवायचं, एक चक्कर मारायची. बदल्यात त्यांच्या दुचाक्यांची हवा माझ्याकडे कायम फुकट. त्या दिवशी दोघे आले, दोघेही भरभक्कम. एकाच्या डबीतला चुना घेऊन मी डाव्या मागच्या टायरच्या खांद्यावर पट्टा ओढला. टायर जिथे लागेल तिथे चुना उमटणार.

माय म्हणाली ती पण बसणार, उद्या तिलाच जायचं आहे तर तिचं वजन धरायला नको का. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. एक कारागीर पुढे बसला, दुसरा मागे मध्ये. मी डावीकडे, बरोबर त्या चाकावर. मला वाटलं होतं माय पुढची मोकळी सीट घेईल, तिला गाडी लागते. तिने कारागिराला पुढे बसवलं आणि स्वतः मागे, भावाच्या पाठीशी उजवीकडे बसली. भाऊ चालवायला.

गल्लीच्या बंपवरच टायर ओरडला. मेन रोडला लागल्यावर प्रत्येक सांध्याला ओरडत होता. माझ्या बुडाखाली सीट थरथरत होती. रेल्वेच्या गरनाळ्याचा, रुळांखालच्या बोगद्याचा, उतार आला आणि मला कळलं की तिथल्या खड्ड्यात गाडी पूर्ण दबणार. मी म्हणालो, थांब. तो चालवत राहिला. मी ओरडलो, थांब. कारागीर दचकला, भाऊ नाही. मी तिसऱ्यांदा ओरडलो आणि तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली. चर्रकन आवाज झाला, टायरच्या जळक्या वासाने गाडी भरली, पाठीमागून एक रिक्षावाला शिव्या देत कडेने निघून गेला. मायने हात लांब करून भावाच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. एकच थाप. त्याने लगेच गाडी कडेला घेतली.

माझं तीनदा ओरडणं त्याला ऐकायचं नव्हतं आणि मायची एक थाप लगेच समजली. मला तेवढंच दिसलं.

उतरून चाक पाहिलं. चुना मडगार्डच्या आतल्या कडेवर बोटभर लांब उमटला होता. ती कड रोज थोडा थोडा टायर कापत आली होती आणि आता बाहेरच्या खांद्यावर रबर संपून आतला दोरा दिसत होता. तारेपर्यंत फार तर दोन नखांचं अंतर. हाच टायर उद्या घाटात जाणार होता. याच चाकावर माझी माय बसणार होती, आणि हा महिनोन् महिने तो आवाज ऐकत टेपची गाणी मोठी करत हिंडत होता, असं माझ्या डोक्यात आलं. पुढचं डोक्यात काही आलं नाही. तो उतरून गाडीच्या मागून माझ्यासमोर आला. मी त्याची कॉलर धरून त्याला डिकीवर दाबला आणि उजवा हात चालवला.

आवाज गरनाळ्यात घुमला. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. तो पडला नाही. त्याने कानाला हात लावला नाही. शांत उभा राहून माझ्याकडे बघत म्हणाला,

"बरं व्हयनं याच कानवर बसनी. हाऊ तीन वरीसपाईन बंदच शे." मग त्याने उजव्या कानावर तळवा ठेवला. "हाऊ ऱ्हाऊ दे, भाऊ. माले गाडी चालवनी शे."

मी कॉलर सोडली. काही क्षण मला अर्थच लागेना. मग एकदम सगळं लागलं. आवाज येतो का तुला, हे त्याने खरंच विचारलं होतं. गाडी चालवणाऱ्याचा उजवा कान खिडकीकडे, रस्त्याच्या गोंगाटाकडे, आणि डावा गाडीच्या आत. त्याचा आतला कानच नव्हता. मागच्या डाव्या चाकाचा आवाज अख्ख्या उधन्याला येत होता, फक्त त्याला येत नव्हता. त्याला बिचाऱ्याला भुकटी दिसली तेव्हा कळलं होतं.

माय गाडीतून उतरली नव्हती. मी खिडकीशी गेलो आणि तुला माहीत होतं का, असं विचारलं. तिने सांगितलं ते माझ्याकडे न बघता सांगितलं. त्या मारानंतर कानातून रक्त आलं, मग पू आला. त्याने दोन महिने कोणाला दाखवलं नाही. ती डबा घेऊन गेली तेव्हा उशीवर डाग दिसले म्हणून तिला कळलं. डॉक्टरकडे नेलं तोवर आत सगळं खराब झालं होतं. मी येऊन मोठ्याला सांगते म्हणाली, तर तो म्हणाला, पाया पडून आलोय, आता गाऱ्हाणं कसं करू. म्हणून ती गप्प राहिली. आखाजीच्या पंगतीत ती त्याच्या उजवीकडे का बसली ते मला त्या गरनाळ्याशी उभं राहून कळलं. दोन आठवडे मी त्याच्यावर जळलो होतो.

कारागीर पायी निघून गेले. आम्ही पायी चालण्याच्या गतीने गाडी दुकानात आणली. माय घरी गेली आणि अर्ध्या तासात कपड्यांची पिशवी घेऊन आली. चार-पाच दिवसांची पिशवी नव्हती ती. तिच्या गोधडीचं गाठोडं सोबत होतं.

मी दुपारभर काम केलं. भावाला हात लावू दिला नाही, त्यानेही लावला नाही, शटरबाहेर बाकावर बसून राहिला. माझ्याकडे त्याच मॉडेलच्या न कापलेल्या चार स्प्रिंग पडून होत्या, त्या घातल्या. शिकंजा मी दोनदा सोडवून पुन्हा आवळला. नवे गुटके घातले. मडगार्डची कड एरवी मी घन घालून आत वळवतो, चार घाव आणि मोकळा. रंग उडतो, गिऱ्हाइकाचं नशीब. त्या दिवशी पत्रा गरम करत, लाकडाचा गोल दांडा टायरवर टेकवून, गाडी बोटबोट पुढे-मागे ढकलत कड वळवली. भाऊ दुकानात असताना हेच कर म्हणून मागे लागायचा आणि मी त्याला हाकलायचो. दीड तास गेला. रंगाला तडा गेला नाही. दोन्ही मागचे टायर नवे टाकले, मूळ मापाचे, आणि अलाइनमेंट केलं.

मग वजनासाठी माणसांऐवजी सिमेंटची पोती भरली आणि एकटा निघालो. गल्ली संपायच्या आत मला काय वाटलं कोण जाणे, मी गाडी थांबवून फडक्याचा बोळा केला आणि डाव्या कानात गच्च कोंबला. वरून बोट दाबलं. तसाच मेन रोडला गेलो. मागच्या चाकांचा आवाज गेलाच. मागची सीट गेली, डावी बाजू सगळी गेली. गाडी अर्धीच उरली. गरनाळ्याच्या आधी मी जरा डावीकडे दाबलो आणि डाव्या बाजूने आलेला एक टेम्पो माझा आरसा उडवून पुढे जाऊन थांबला. त्याचा हॉर्न मला ऐकू आला होता, पण तो उजवीकडून येतोय असं वाटलं. ड्रायव्हर उतरून आला, त्याने खिडकीतून माझी गचांडी धरली आणि गुजरातीत विचारलं, बहेरो छे? बहिरा आहेस का? मी हो म्हणालो. त्याने मला एक हाणली. मी खाल्ली. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मार खाऊन माझा राग उतरला.

बोळा काढून परत येताना दोन्ही कान लावून ऐकत आलो. खड्ड्यात काही नाही, बंपवर काही नाही. दुकानात आरसा बदलला, पोती उतरवली. भाऊ उठला, मायची पिशवी आणि गाठोडं डिकीत ठेवलं. सकाळपर्यंत थांबायचं नाही, आता कडोदऱ्याला जायचं आणि तिथूनच गावी निघायचं, असं मायने ठरवलं होतं. ती मागे उजवीकडे बसली. टॉमी अजून तिच्या खुर्चीवर होती.

भाऊ वाकून माझ्या पाया पडला. आज मार खाल्ला होता ना त्याने. रीत. डोक्यावर ठेवायला मी हात उचलला तशी त्याची मान आपोआप खांद्यात गेली. मी हात तसाच मागे घेतला. तो गाडीत बसला.

मी डाव्या खिडकीशी उभा होतो. तिथूनच म्हणालो की चुकलं माझं. त्याने किल्ली फिरवली, आरसा सरळ केला. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मायला गेलं होतं. तिने त्याला सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी गेलो. खाली वाकलो आणि त्याच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणालो, "चुकलं माझं."

त्याने सीटचा पट्टा लावला. मग म्हणाला, "हवा किती ठेवू?"

"बत्तीस," मी म्हणालो. "मायचं सामान आहे, मागे चौतीस ठेव."

त्याने मान हलवली. गाडी गल्लीच्या बंपवरून हळूच वर चढली आणि पलीकडे उतरली. मी कान लावून उभा होतो. कुठेच काही घासलं नाही. गावाहून परतून माय कडोदऱ्यालाच राहिली. तिने सांगितलं तसंच केलं.